शेजारचे एक लहान राज्य : बिदरची बरीदशाही

दुधनीच्या स्टेशनावर उभे राहिले की एका बाजूचे रूळ बोरोटी, नागणसूर, अक्कलकोट रोड असे करीत सोलापुराला जातात. दुसऱ्या बाजूला दोन स्टेशने ओलांडली की गाणगापूर रोड येते आणि त्यापुढे गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी. आडत बाजारात तुरीच्या भावाची बोलणी मराठीत सुरू होतात आणि पुष्कळदा कानडीत मिटतात. अशा गावच्या माणसाला सरहद्द म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून आज मी तुम्हाला जी हकीकत सांगणार आहे ती तुम्हाला परकी वाटायची नाही. ही हकीकत आहे चार बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सव्वाशे वर्षे तग धरून राहिलेल्या एका चिमुकल्या राज्याची, बिदरच्या बरीदशाहीची.

बिदरचे नाव तुम्ही ऐकले नाही असे होणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे गोरगरिबांना खुली केली आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने धान्याची रक्कम भरायला बादशहाच्या दरबारात गेला, ही कथा कीर्तनात कितीदा तरी ऐकली असेल. तो बादशहा बिदरचा. गुरुचरित्र वाचणाऱ्या घरांतून ‘वैदुरानगरी’चा यवन राजा ठाऊक असतो. मांडीवरच्या फोडाने तो हैराण झाला आणि बरे होण्यासाठी श्रीनृसिंहसरस्वतींच्या दर्शनाला गाणगापुरी आला, असे तिथे सांगितले आहे. ती वैदुरानगरी म्हणजेही बिदर. पण मंडळी, ते राजे बहामनी घराण्यातले, मोठ्या सल्तनतीचे धनी. आपल्याला त्यांच्या मागून आलेल्या लहान धन्यांची गोष्ट पाहायची आहे. शाळेच्या पुस्तकात पाच शाह्यांची नावे पाठ करताना ‘बरीदशाही’ शेवटी येते आणि तिथेच संपते. मास्तरही घाईत असतात. मीही पुष्कळ वर्षे वर्गात तसेच केले आहे.

बहामनी राज्य १३४७ साली स्थापन झाले. राजधानी प्रथम गुलबर्ग्याला होती. पुढे १४२२ ते १४३६ या काळात राज्य करणाऱ्या अहमदशहा वलीने ती बिदरला नेली. कोकणापासून तेलंगणापर्यंत हे राज्य पसरले. पण दरबारात दोन तट होते. दख्खनी, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले सरदार, आणि आफाकी, म्हणजे इराण-तुर्कस्तानातून नव्याने आलेले. त्यांच्यात विस्तव जात नसे. महमूद गावान हा त्या राज्याचा सर्वांत शहाणा वजीर. एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने १४८१ साली त्याचे डोके उडवले, आणि त्याच क्षणी राज्याचा कणा मोडला म्हटले तरी चालेल. पुढल्या वर्षी सुलतानही वारला. गादीवर आला त्याचा मुलगा महमूदशहा. वय बारा वर्षे. बारा वर्षांच्या पोराच्या हाती एवढा पसारा, आणि भोवती एकमेकांच्या जिवावर उठलेले सरदार! काय व्हायचे ते झाले. १४९०च्या सुमारास जुन्नरकडे मलिक अहमद, विजापुरास यूसुफ आदिलखान, वऱ्हाडात फत्तेउल्ला इमादुल्मुल्क असे एकेक सुभेदार आपापल्या मुलखात धनी होऊन बसले. गोवळकोंड्याचा कुली कुत्बुल्मुल्क त्यांच्यामागून गेला.

बिदरला मात्र एक कासीम बरीद नावाचा तुर्क उरला. हा लहानपणी गुलाम म्हणून विकत आणलेला. अक्षर सुंदर काढी, गाण्याबजावण्यातही गती होती, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. पैठण ते चाकण या पट्ट्यातल्या मराठ्यांचे बंड मोडायला त्याला पाठवले होते. त्या लढाईत साबाजी नावाचा मराठा सरदार पडला. त्याच्या मुलीशी कासीमने आपल्या मुलाचे, अमीर बरीदचे, लग्न लावून दिले, आणि तिच्या माहेरची चारशे माणसे त्याच्या चाकरीत आली. कासीम बरीदाच्या जोरामागे ही मराठी माणसे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परके राज्य, परके राज्य असे आपण म्हणतो, तेव्हा त्या राज्याच्या घोड्यावर कोण बसले होते तेही पाहावे.

कासीम मुख्य वजीर झाला आणि सुलतान महमूद त्याच्या मुठीत गेला. घरातले सगळे भाऊ वाटणी घेऊन वेगळे झाले; थोरल्या वाड्यात उरला दुबळा मालक, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा कारभारी. बरीदशाहीचा आरंभ कोणत्या सालापासून धरायचा यावर इतिहासकारांचे एकमत का नाही, हे आता तुमच्या ध्यानात येईल. कोणी १४९२ धरतात, कोणी १५२७, कोणी १५३८. गादीवर बसल्याचा दिवसच नव्हता, तर तारीख कुठली सांगणार?

हे असे आपल्याकडेच घडले असे समजू नका. युरोपच्या पश्चिम टोकाला स्पेन देश आहे. तिथे कार्डोव्हा नावाच्या शहरी मुसलमान खलिफांचे वैभवशाली राज्य होते. तिथेही हिशाम नावाचा अल्पवयी खलिफा गादीवर आला आणि मन्सूर या त्याच्या कारभाऱ्याने त्याला राजवाड्यात कोंडून सारी सत्ता स्वतः चालवली. मन्सूर १००२ साली वारला आणि १०३१ मध्ये ती खिलाफतच बुडाली. तिच्या जागी वीस-तीस लहान राज्ये उभी राहिली. सेव्हिल, टोलेडो, सारागोसा अशी त्यांची नावे. ही राज्ये आपसांत भांडत, आणि उत्तरेकडच्या ख्रिस्ती राजांना खंडणी देऊन दिवस काढीत. पुढे ग्रनाडा हे एकच राज्य उरले, ते याच रीतीने अडीचशे वर्षे टिकले आणि जानेवारी १४९२ मध्ये पडले. तिकडे स्पेनमधले शेवटचे लहान राज्य मिटले त्याच सुमारास इकडे मांजरेच्या खोऱ्यात कासीम बरीद आपले बस्तान बसवत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही. पण शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही साले शेजारी शेजारी लिहावीत; मुलांना गंमत वाटेल.

आता थोडे आपल्या दाराशी येऊ. पाच शाह्या असे आपण म्हणतो. खरे पाहिले तर सुरुवातीला पाचांहून अधिक चुली पेटल्या होत्या. गुलबर्ग्याला दस्तूर दीनार नावाचा हबशी सरदार होता. आळंदपासून खाली भीमेपर्यंतचा मुलूख त्याच्या हुकमतीत. त्यालाही स्वतंत्र व्हायचे होते. परांड्याला ख्वाजा जहान, आणि त्याचा भाऊ झैनखान सोलापूरच्या किल्ल्यात साडेपाच परगणे धरून बसलेला. म्हणजे आज ज्या पट्ट्यातून तुमची गाडी सोलापूर ते कलबुर्गी दोन-अडीच तासांत जाते, त्या पट्ट्यात तेव्हा दोन स्वतंत्र संसार होऊ घातले होते. त्यांतला एकही टिकला नाही. दस्तूर दीनाराला यूसुफ आदिलखानाने १५०४च्या सुमारास लढाईत मारले आणि गुलबर्गा घेतला. झैनखानाचे सोलापूरही काही वर्षांत विजापूरकरांनी गिळले. मग बिदरच तेवढे का टिकले? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे. बिदरच्या मुलखात दस्तूर दीनारापेक्षा फार मोठी फौज होती असे नाही.

याचे पहिले उत्तर त्या दुबळ्या मालकात आहे. बहामनी सुलतानाच्या हाती सत्ता नव्हती, पण नाव होते. यूसुफ आदिलखान काय किंवा मलिक अहमद काय, सगळे कागदोपत्री त्याचेच चाकर. त्याला ज्याने सांभाळले त्याच्या अंगावर उघड धावून जाणे म्हणजे धन्यावर शस्त्र उचलणे. कासीम बरीद १५०४ साली वारला आणि त्याचा मुलगा अमीर बरीद याने हीच युक्ती अधिक कसबाने चालवली. १५१४ मध्ये तर त्याने सुलतानाला बरोबर घेऊनच विजापुरावर चाल केली. इस्माईल आदिलशहाने त्याचा पराभव केला, अमीर बरीद पळाला, आणि सुलतान विजापूरकरांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला काय केले असेल? कैद नव्हे. त्याचा आदरसत्कार केला, गुलबर्ग्याला आपल्या धन्याच्या बहिणीचे सुलतानाच्या मुलाशी थाटाने लग्न लावले आणि त्याला बिदरला परत पोचवले. परत कोणाच्या हाती? अमीर बरीदाच्याच! जिंकलेला माणूस हरलेल्याला त्याचे भांडवल परत करतो, असा हा प्रकार.

महमूदशहा १५१८ साली वारला. पुढच्या नऊ वर्षांत अमीर बरीदाने एकामागून एक चार सुलतान गादीवर बसवले. त्यांपैकी अलाउद्दीन हा थोडा पाणीदार होता. त्याने अमीर बरीदाचा काटा काढायचे ठरवले. नव्या चंद्राच्या दिवशी अमीर मुजऱ्याला यायचा होता. माणसे आत लपवून ठेवली. अमीर दारापर्यंत आला आणि आत लपलेल्यांपैकी एकजण शिंकला! अमीर बरीद जागच्या जागी माघारी फिरला. सारा कट फसला, अलाउद्दीनची गादी गेली आणि पुढे जीवही. शिंक आडवी आली की आपण चार पावले थांबतो ना? बहामनी घराण्याच्या हाती लागलेली शेवटची संधी अशी एका शिंकेने गेली, असे फरिश्त्याचे सांगणे आहे.

शेवटचा सुलतान कलीमुल्ला. त्याने १५२६ साली दिल्ली जिंकलेल्या बाबराकडे गुप्तपणे माणूस पाठवला. मला या कारभाऱ्याच्या कैदेतून सोडवा, वऱ्हाड आणि दौलताबाद तुम्हाला देतो, असा निरोप. गंमत पाहा, देऊ केलेली दोन्ही ठिकाणे त्याच्या हातात नव्हतीच. बाबर आला नाही. निरोप फुटला आणि कलीमुल्लाने बिदर सोडून पळ काढला. स्पेनमध्येही सेव्हिलच्या राजाने असेच समुद्रापलीकडच्या मोरोक्कोतून यूसुफ बिन ताशफीन या सुलतानाला मदतीला बोलावले होते. तो १०८६ साली आला, लढाई जिंकून परतला, आणि थोड्याच वर्षांत पुन्हा येऊन सेव्हिलच घेऊन बसला. बोलावणारा राजा मोरोक्कोत नजरकैदेत मेला. कलीमुल्लाचे नशीब त्यामानाने बरे म्हणायचे. तो अहमदनगरच्या आश्रयाला राहिला.

कलीमुल्ला गेला, तरी अमीर बरीदाने स्वतःला ‘शहा’ म्हणवून घेतले नाही. लोक त्याला दख्खनचा कोल्हा म्हणत. पण कोल्हाही कधी झोपतो. १५२९ मध्ये इस्माईल आदिलशहाने बिदरला वेढा घातला. अमीर बरीद किल्ला मुलांच्या हवाली करून उदगीरकडे गेला होता. त्याच्या छावणीत एके रात्री असदखान लारी हा विजापूरचा सरदार शिरला तो सगळे दारू पिऊन आडवे झालेले. असदखानाने अमीर बरीदाला खाटेसकट उचलवून नेले. वाटेत त्याला जाग आली तेव्हा आपल्याला भुतांनी उचलले असे त्याला वाटले, म्हणतात. बिदर पडले, खजिना लुटला गेला, इस्माईल बहामनींच्या तख्तावर बसला.

इथे बरीदशाही संपायला हवी होती. संपली नाही. इस्माईलने काही किल्ले सोडून द्यायच्या अटीवर बिदर अमीर बरीदाला परत दिले! का दिले? इथे आपल्याला दुसरे उत्तर मिळते. बिदर विजापूरने घेतले असते तर अहमदनगर आणि गोवळकोंडा दोघेही उठले असते. अहमदनगरने घेतले तर विजापूर उठणार. चार मोठ्या शेतांच्या मधोमध एक लहान तुकडा असतो. तो कोणा एकाने नांगरला तर बाकीचे कुऱ्हाडी घेऊन येतात, म्हणून तो ज्याचा त्याच्याकडेच राहतो. तसे हे राज्य होते. शिवाय विजापूर आणि अहमदनगर यांना भांडायला दुसरी जागा होती. ती म्हणजे तुमचे सोलापूर. १५२४ साली इस्माईलची बहीण मरियम हिचे बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झाले, आणि सोलापूरचा किल्ला साडेपाच परगण्यांसह आंदण द्यायचे ठरले. लग्न झाले, किल्ला काही मिळाला नाही. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण फौज घेऊन आला, आणि बरोबर कोण? अमीर बरीद. त्या साडेपाच परगण्यांपायी पुढे दोन पिढ्या रक्त सांडले. अखेर चांदबिबीच्या लग्नात पुन्हा एकदा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले, या वेळी उलट्या दिशेने.

या सगळ्यात दुधनी-आळंदकडच्या रयतेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. शहांच्या तवारिखांत खेड्यांना जागा नाही. पण एवढे निश्चित की राजा बदलला म्हणून पाटील-कुलकर्णी बदलत नसत. देशमुख-देशपांडे तेच, वतने तीच. नवीन शिक्क्याचा कागद आला की जुन्या कागदाच्या आधारे तो पुन्हा करून घ्यायचा. म्हणूनच तारीख, रयत, मौजे, कसबा, परगणा, जमीन हे फारसी-अरबी शब्द आपल्या जिभेवर रुळले; ते शहांकडून नव्हे, कुलकर्ण्याच्या दप्तरातून आले. फौज मात्र कोणाचीही असो, ती उभ्या पिकातूनच जायची. मोठ्या राज्याच्या पोटातल्या गावाला हा जाच पिढीतून एखाद्या वेळी. सरहद्दीवरच्या गावाला दर पाच-दहा वर्षांनी. लहान राज्ये टिकतात तेव्हा सरहद्दी वाढतात, आणि त्याची किंमत शिवारे भरतात. बरीदांचे कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

अमीर बरीद १५४२च्या सुमारास दौलताबादेला वारला. त्याचा मुलगा अली बरीद याने प्रथम उघडपणे ‘शहा’ ही पदवी घेतली. पन्नास वर्षे जे झाकून चालले होते ते आता दारावर लिहिले. आणि लगेच औसा, उदगीर, कंधार हे किल्ले निजामशहाने काढून घेतले. पदवी वाढली, मुलूख घटला! जानेवारी १५६५ मध्ये तालीकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध जी फौज उभी राहिली तिच्या डाव्या बगलेला कुतुबशहाबरोबर अली बरीदही होता. लुटीत वाटा मिळाला असेल, पण खरा फायदा थोरल्यांचा. विजयनगरचा धाक गेला आणि मोठे शेजारी रिकामे झाले. १५७४ मध्ये अहमदनगरने वऱ्हाडची इमादशाही गिळली. १५७९ मध्ये पाळी बिदरची होती. अली बरीदाने विजापूरच्या अली आदिलशहाकडे मदत मागितली. आदिलशहाने मदतीच्या बदल्यात बिदरच्या दरबारातले दोन खोजे चाकर मागून घेतले. बिदर वाचले. पण त्या दोघांपैकी एकाने १५८० साली आदिलशहालाच भोसकून ठार केले.

अली बरीदाच्या हाती उरलेल्या थोड्या पैशाचे काय झाले ते पाहायचे तर बिदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल पाहावा. दालने लहान आहेत. पण काळ्याभोर दगडात शिंपल्याचे चकाकणारे तुकडे असे बसवले आहेत की अंधारात चांदणे पडल्यासारखे वाटते. लाकडावरची कोरणी तशीच नाजूक. बिदरची बिदरी भांडी तुम्ही पाहिली असतील: जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार बसवायची आणि किल्ल्यातल्या मातीने जमीन काळी करायची. काळ्यावर पांढरे, तीच नजर रंगीन महालातही आहे. ग्रनाडाच्या लहान राजांनीही मागे ठेवला तो अलहंब्रा नावाचा महाल, कोरीव कामासाठी जगभर नावाजलेला. मोठ्या राजाला मुलूख वाढवायचा असतो. ज्याला तो वाढवता येत नाही तो भिंती सजवतो की काय कोण जाणे.

अली बरीद १५८० मध्ये वारला. पुढची चाळीस वर्षे सांगण्यासारखी नाहीत. भाऊबंदकी, थोड्या थोड्या वर्षांनी नवा धनी. १६१९ साली दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने बिदर घेतले आणि शेवटच्या बरीदाला विजापुरी नेऊन ठेवले. या वेळी शेजारी कोणी उठले नाहीत. अहमदनगरचा किल्ला १६०० सालीच मोगलांनी घेतला होता. तिथला मलिक अंबर स्वतःच्या राज्याचे उरलेसुरले वाचवण्यात गुंतलेला. तराजूची दुसरी पारडीच नाहीशी झाली, तेव्हा मधला काटा कशाच्या आधाराने उभा राहणार? १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर विजापूरकडून घेतले. पुढे निजाम, १९४८ नंतर भारतीय संघराज्य, आणि १९५६ पासून म्हैसूर, आताचे कर्नाटक राज्य.

शिक्षकांना एक सुचवतो. कलबुर्गीहून बिदरला २०१७ पासून थेट रेल्वे झाली आहे. दुधनीहून मुलांना घेऊन जाणे अवघड राहिलेले नाही. गेलात तर किल्ल्याआधी गावाच्या पूर्वेला अष्टूरला जा. तिथे बहामनींची थडगी एका रांगेत आहेत. पहिले अहमदशहा वलीचे, उंच घुमटाचे, आत रंगकामाने भरलेले. त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातले एक जंगम मानाने येतात. लिंगायत मंडळी त्या सुलतानाला अल्लमप्रभूचे रूप मानतात. तिथून पुढे चालत गेले की इमारती लहान होत जातात, आणि कलीमुल्लाचे थडगे तर एखाद्या खोलीएवढे आहे. मुलांना काही सांगू नका. नुसते चालू द्या, घुमट मोजू द्या.

मग गावाच्या पश्चिमेला बरीदांच्या थडग्यांकडे या. अमीर बरीदाच्या थडग्याला घुमटच नाही. तो परगावी वारला आणि काम अर्धवट राहिले ते राहिलेच. थोड्या अंतरावर अली बरीदाचे थडगे आहे, ते त्याने हयातीतच बांधवून घेतले. त्याला चारी बाजूंनी भिंती नाहीत, मोठ्या कमानी आहेत. वारा आरपार वाहतो, आणि मधल्या काळ्या दगडाच्या थडग्यावर कोणत्या ना कोणत्या बाजूने उजेड पडलेला असतो.